'किंग ऑफ द हिल'मधला 'लूॲन्स सागा': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेमभंग झालेली भाची घरात राहायला आहे आणि तिच्या रडण्यापुढे घरधन्याला काय करावं ते सुचत नाही. या भागाची गोष्ट एवढीच, पण तिच्याबद्दल प्रश्न मात्र सतत येत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा सांगितलेला नाही, जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या भागाचा शेवट इथे फोडलेला नाही. पुढच्या सीझनमध्ये काय घडतं ते मात्र १३ व्या प्रश्नापासून उघडपणे येतं, तेव्हा मालिका पाहायची असेल तर तिथे थांबा.

१. 'लूॲन्स सागा' हा भाग कोणत्या मालिकेतला आणि कधीचा?

'किंग ऑफ द हिल' या अमेरिकन ॲनिमेटेड सिटकॉमच्या पहिल्या सीझनमधला हा पाचवा भाग. फॉक्स वाहिनीवर तो १६ फेब्रुवारी १९९७ रोजी दाखवला गेला. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांची ही मालिका १२ जानेवारी १९९७ ला सुरू झाली होती, म्हणजे प्रेक्षकांची या कुटुंबाशी अजून नीट ओळखही व्हायची होती. पुढे २०१० पर्यंत मालिकेचे १३ सीझन आणि २५९ भाग झाले (त्यानंतरच्या सीझनसाठी प्रश्न १८ पाहा). एक भाग साधारण बावीस मिनिटांचा.

२. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

हँक हिल, त्याची बायको पेगी आणि मुलगा बॉबी यांच्या घरी पेगीची भाची लूॲन राहते. तिचा मित्र बकली तिला सोडतो. लूॲन रडत राहते आणि घरात तिचं रडणं ऐकू येणार नाही असा कोपरा उरत नाही. हँक आधी तिला स्वतःच्या पद्धतीने समजावतो (प्रश्न ७). ते पुरेसं होत नाही, म्हणून तिला दुसरा कुणी मुलगा भेटावा यासाठी तिला घेऊन बाहेर पडतो (प्रश्न ८). यातून होतं असं, की लूॲन एक रात्र बूमहावरच्या घरी काढते. बूमहावर म्हणजे हँकचा शेजारी, जुना मित्र आणि गल्लीतला नावाजलेला बायकांच्या मागे फिरणारा माणूस. इथून पुढे हँकचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

३. लूॲन आत्याकडे का राहते? तिला आईवडील नाहीत का?

दोघंही आहेत. वडील हॉइट हे पेगीचे भाऊ, आई लीॲन. ही माहिती मालिकेच्या अगदी पहिल्या भागात येते. दारूच्या नशेतल्या भांडणात लीॲनने नवऱ्याला जेवणाच्या काट्याने भोसकलं आणि ती तुरुंगात गेली. त्यांचं घर म्हणजे ट्रेलर, चाकांवरचं फिरतं घर होतं. तेही गेलं. लूॲन कपड्यांची बॅग घेऊन आत्याकडे आली आणि तिथेच राहिली.

हा तपशील हसण्यावारी नेलेला दिसतो, म्हणून बरेच प्रेक्षक तो विसरतात. पण त्याच्याशिवाय 'लूॲन्स सागा' नीट कळत नाही. बकलीने सोडलं म्हणून ती एवढी रडते का, असं विचारलं जातं. आई तुरुंगात, वडिलांचा पत्ता नाही, घर राहिलं नाही, आणि त्यावर हा मुलगाही गेला. 'आपलं' म्हणावं असं तिच्याकडे जे एक माणूस उरलं होतं, तो बकली होता. तो माणूस म्हणून कसा होता हा प्रश्न वेगळा.

४. आर्लेन हे गाव खरोखर आहे का? आम्ही डॅलसजवळ राहतो, त्यामुळे उत्सुकता आहे.

आर्लेन, टेक्सस हे काल्पनिक गाव आहे. माइक जज काही काळ डॅलसच्या उपनगरात, गार्लंडमध्ये राहिले होते, आणि आर्लेनचं रूप गार्लंड व शेजारच्या रिचर्डसन या गावांवरून घेतलेलं आहे. रिचर्डसन, प्लेनो, आर्व्हिंग या पट्ट्यात आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत. एकमजली घरं, पुढे जिवापाड जपलेलं लॉन, मागे गल्ली आणि लाकडी कुंपण हे सगळं त्यांना ओळखीचं वाटेल. त्या गल्लीत चार मित्र हातात बिअर घेऊन उभे राहतात आणि 'यप', 'यप', 'म्हं' यापलीकडे फारसं बोलत नाहीत. त्यांचं ते न बोलणं मालिकेच्या केंद्रस्थानी आहे, आणि या भागात ते विशेष महत्त्वाचं ठरतं.

५. आधीचे चार भाग न पाहता थेट हा पाहिला तर चालेल का?

चालेल. निदान पहिला भाग आधी पाहा असं मी सुचवेन, कारण लूॲनची पार्श्वभूमी (प्रश्न ३) आणि हँकचा अवघडलेपणा त्यात नीट मांडलेला आहे. पोटच्या मुलाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे सांगतानासुद्धा या माणसाची कशी तारांबळ उडते ते तिथे दिसतं. ते पाहिलेलं असलं की बायकोच्या भाचीचे अश्रू त्याला किती जड जात असतील याचा अंदाज येतो.

६. हँक इतका निर्दयी का आहे? घरातली पोर रडते आहे आणि याला फक्त ते थांबायला हवं आहे.

सर्वांत जास्त राग ज्या गोष्टीचा येतो ती हीच, म्हणून जरा सविस्तर.

हँक निर्दयी नाही. निर्दयी माणसाला दुसऱ्याच्या रडण्याचा त्रासच होत नाही. तो टीव्हीचा आवाज वाढवून बसतो. हँकला ते सहनच होत नाही. समोर गॅसची गळती असती तर काय करायचं हे त्याला झोपेतही माहीत आहे. स्ट्रिकलंड प्रोपेन या इंधनाच्या गॅसच्या दुकानाचा तो सहायक व्यवस्थापक आहे, आणि आयुष्यात समोर आलेला प्रत्येक बिघाड, कुठला पान्याने, कुठला वंगणाने दुरुस्त होतो हे त्याने शिकून घेतलेलं आहे. रडणाऱ्या मुलीसाठी त्याच्याकडे हत्यार नाही. म्हणून तो कासावीस होतो, आणि ती कासाविशी बाहेरून चिडचिडीसारखी दिसते.

हे कुठून आलं हे मालिकेने पाचच आठवड्यांनी, २३ मार्च १९९७ च्या भागात दाखवलं. त्यात हँकचे वडील कॉटन येतात. दुसऱ्या महायुद्धात नडग्या गमावलेला, बायकांना नोकरासारखं वागवणारा, मुलाच्या पाठीवर कधी हात न ठेवलेला म्हातारा. त्याच्या घरात मोठा झालेला मुलगा रडणाऱ्या माणसाशेजारी नुसतं बसून राहायला कुठे शिकणार होता? हँकने बापाचा क्रूरपणा उचलला नाही हेच खरं तर मोठं आहे. मुकेपणा मात्र उचलला.

दुसरं कारण जागेचं. लूॲन झोपते ती हँकच्या डेनमध्ये. घरात त्याची स्वतःची म्हणावी अशी ती एकच खोली होती. तिथे आता ब्यूटी स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलीचं सामान आहे, केशरचनेच्या सरावासाठी आणलेलं प्लास्टिकचं डोकंसुद्धा. (ते डोकं याच सीझनच्या शेवटच्या भागात गोष्टीच्या मध्यभागी येतं.) खोली गेल्याची कुरकुर हँक अधूनमधून करत असतो. ज्या घरात पाहुणा ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलेला आहे, तिथल्या कुणालाही हे कळेल. माणूस नकोसा झालेला नसतो. आपली टेकायची जागा गेलेली असते, आणि ते बोलून दाखवणं वाईट दिसतं म्हणून राग भलत्याच गोष्टीवर निघतो.

७. 'सगळं गिळून टाक' असं हँक लूॲनला सांगतो. तो प्रसंग विनोदी आहे की खरा सल्ला?

हँक शंभर टक्के मनापासून सांगतो, म्हणूनच तो विनोदी आहे आणि त्याच कारणाने तो अंगावर येतो.

प्रसंग असा. आयुष्यात असं काही झालं की दोन रस्ते असतात, असं हँक तिला समजावतो: एक रडायचा, जो तू घेतला आहेस, आणि दुसरा न रडायचा. ती विचारते, न रडता कसं राहायचं? तो सांगतो, की जे वाटेल ते बाहेर सोडायचं नाही, पोटात एका खड्ड्यात ढकलून द्यायचं आणि पुन्हा वर येऊ द्यायचं नाही. लूॲन गुणी विद्यार्थिनीसारखं करून पाहते आणि विचारते, बरगडीखाली दुखायला हवं का? हँक म्हणतो, हो, ते स्वाभाविकच आहे.

ते उत्तर पुन्हा ऐका. तिथे दुखतं हे त्याला माहीत आहे. म्हणजे तो स्वतः अनेक वर्षं तिथे दुखणं घेऊन वावरतो आहे, आणि मोठं होणं म्हणजे हेच असं त्याने धरून ठेवलेलं आहे. त्याच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते त्याने तिला दिलं. स्वतःच्या बरगडीखालच्या दुखण्याबद्दल तो एरवी कधी कुणाशी बोलला असेल? गल्लीतल्या मित्रांशी तर नक्कीच नाही. तिला गप्प करायला गेला आणि नकळत तिच्यापुढे मन मोकळं करून बसला. अख्ख्या भागात तो तिच्या सर्वांत जवळ येतो तो या क्षणी, आणि दोघांनाही ते उमगत नाही.

एक जोड आवर्जून पाहण्यासारखी आहे. याच्या पुढच्याच रविवारी, २३ फेब्रुवारी १९९७ ला जो भाग लागला त्यात हँकला बद्धकोष्ठता होते, आणि त्याबद्दल बोलायची वेळ आली की तो शरमेने अर्धा होतो. एका आठवड्यात 'आत दाबून ठेव' हा सल्ला आणि दुसऱ्या आठवड्यात आतून बंद पडलेलं शरीर. दोन्ही भाग एका बैठकीत पाहिले तर हँक नावाचा माणूस पुरता कळतो.

८. भाचीला नवा मुलगा शोधून द्यायला आतोबाने बाहेर पडावं, हे विचित्र नाही का?

विचित्र आहेच, आणि ते तसं वाटावं अशीच मांडणी आहे. हँकच्या डोक्यातला हिशेब सरळ आहे: मुलगा गेला म्हणून रडते, तर दुसरा मुलगा आला की थांबेल. बिघडलेला सुटा भाग काढून नवा बसवायचा. यात लूॲनला काय हवं आहे हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आपल्याकडेही हा उपाय फार जुना आहे. मुलीचं कुठे तुटलं अशी कुणकुण लागली की घरात लगेच स्थळं पाहायला सुरुवात होते, आणि हेतू वाईट नसतो. तिचं मन रमावं, एवढीच इच्छा असते. पण ती पोर अजून आधीच्या गोष्टीतून बाहेर आलेली नसते. भागाचा पुढचा सगळा गोंधळ या घाईतून होतो, बूमहावरच्या वाईटपणातून होत नाही. तो मुद्दा पुढच्या उत्तरात आहे.

९. लूॲन काही लहान मूल नाही. मग ती बूमहावरकडे राहिली तर हँकने एवढं पेटायचं कारण काय?

कारण हँकला बूमहावर माहीत आहे. बूमहावर आवडतो सगळ्यांना, गोडबोल्या आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही. पण त्याच्या घरातून सकाळी निघालेली बाई पुन्हा तिथे क्वचितच दिसते, हे सबंध गल्लीला ठाऊक आहे. इतकी वर्षं हँकला त्याचं काही वाटलं नाही. मित्राची खासगी बाब, आपण बोलायचं नाही. लूॲन त्या दारातून आत जाते तेव्हा हीच सवय त्याला पहिल्यांदा वेगळी दिसते. आतापर्यंत ज्या मुली त्या घरातून बाहेर पडल्या त्याही कुणाच्या तरी भाच्या, पुतण्या होत्या. हँक हे तोंडाने म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण त्याचा राग तिथून येतो असं मला ठामपणे वाटतं.

तुमचा आक्षेप तरीही बरोबर आहे. लूॲनचा निर्णय लूॲनचा, आणि हँक तिच्या वतीने चिडतो तेव्हा तिला विचारून चिडत नाही. भाग हे झाकून ठेवत नाही, ही त्याची प्रामाणिक बाजू. मला यातली मोलाची गोष्ट दुसरीच वाटते. सुरुवातीला हँक जिच्याकडे 'खोली अडवून बसलेली पाहुणी' म्हणून पाहत होता, तिच्यासाठी तो बालपणीच्या मित्राशी भांडायला उभा राहतो. तू आमच्या घरची आहेस हे त्याने तिला शब्दांत सांगितलेलं नाही. त्याच्या रागाने ते सांगून टाकलं.

१०. रक्ताची आत्या पेगी आहे. मग सगळा भार हँकवर का?

लूॲनला घरात ठेवून घेतलं ते पेगीने, हँकची कुरकुर चालू असताना. तिच्या मनात भावाच्या संसाराची लाजही आहे आणि त्या मुलीची काळजीही. पेगी हंगामी शिक्षिका आहे, स्पॅनिश शिकवते, आणि आपल्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं यावर तिचा गाढ विश्वास आहे. लूॲनशी ती बोलते, समजावते, तिला जवळ घेते. तिचं चालून जातं म्हणूनच गोष्ट तिची होत नाही. ज्याला जमत नाही त्याची गोष्ट होते.

बॉबीबद्दलही काही जण विचारतात. त्याचं आणि लूॲनचं नातं मामेबहीण आणि आतेभावाचं असलं तरी घरात ती दोघं सख्ख्या भावंडांसारखी वागतात, आणि भावना दाखवायला बॉबीला कधीच संकोच वाटत नाही. हँकला त्याचीही चिंता असते, पण तो विषय वेगळ्या भागांचा आहे.

११. आमच्याकडे पुण्यात शिकायला आलेली भाची राहते. तिचं ब्रेकअप झालं आहे, दिवसभर खोलीतून बाहेर येत नाही. यजमान वैतागले आहेत. हा भाग दोघांना दाखवावा का?

यजमानांना दाखवा. तिला आत्ताच दाखवू नका. आपल्या रडण्यावर घरात काय बोललं जात असेल याची धास्ती तिला आधीच असते. त्यात असा भाग मुद्दाम लावला तर तो टोमणा वाटेल.

भागातून घेण्यासारखं एवढंच आहे, की तिला गप्प करण्याची घाई करू नये आणि तिच्यासाठी पर्याय शोधत बसू नये. जेवायला हाक मारावी, नको म्हणाली तर ताट झाकून ठेवावं. यजमानांची अडचण जागेची असेल (प्रश्न ६ चा शेवट पाहा), तर ती तिच्यावर न काढता तुम्ही दोघांनी आपसांत बोलून सोडवा. वन बीएचकेत हॉल गेला म्हणजे सकाळचा पेपर कुठे वाचायचा हा प्रश्न खरा असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि खाणं-झोप पार बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही अशा प्रकारचं ती काही बोलली असेल, तर वाट पाहू नका. तिच्या आईवडिलांना कळवा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. 'टेली-मानस' ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

१२. लूॲनला मूर्ख दाखवलं आहे का? ते खटकतं.

पुढच्या सीझनमध्ये तिला भाबडी आणि जरा मंद दाखवण्याकडे लेखकांचा कल वाढत गेला, हे खरं आहे आणि मलाही ते खटकतं. पहिल्या सीझनमधली लूॲन तशी नाही. तिला गाड्यांच्या दुरुस्तीत चांगली गती आहे, आणि हँकला जिची भाषा कळते अशी ती एक गोष्ट आहे. हा धागा नंतर जवळजवळ सोडून दिला गेला. तो चालू ठेवला असता तर या दोघांना बोनेटखाली वाकून तासन् तास न बोलता एकत्र राहता आलं असतं, आणि प्रश्न ७ मधल्या सल्ल्यापेक्षा ते किती तरी बरं झालं असतं.

लूॲनचा आवाज ब्रिटनी मर्फी या अभिनेत्रीचा. या भागातलं रडणं कानाला त्रास होईल इतकं मोठं आहे आणि तरी खोटं वाटत नाही, हे त्यांचं श्रेय. बूमहावर आणि हँक हे दोन्ही आवाज स्वतः माइक जज यांचे. बूमहावरचं भरभर, गुंतलेलं बोलणं त्यांना आलेल्या एका रागीट व्हॉइसमेलवरून सुचलं होतं. ते कळत नाही म्हणून सबटायटल्स लावणारे बरेच आहेत. जरूर लावा, अमेरिकन प्रेक्षकही लावतात.

१३. बकलीचं पुढे काय होतं?

इथून पुढे कथानक उघड होतं.

बकली या भागानंतरही लूॲनच्या आयुष्यात येत राहतो. तो मेगा लो मार्ट या मोठ्या दुकानात नोकरीला असतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, मे १९९८ च्या 'प्रोपेन बूम' या भागात त्याच दुकानाच्या स्पर्धेमुळे हँकची नोकरी जाते आणि त्याला तिथेच कामाला जावं लागतं. बकलीच्या निष्काळजी हाताळणीने गॅसचा स्फोट होतो. त्यात बकली मरतो. हँक आणि लूॲन त्या वेळी तिथेच असतात आणि वाचतात.

सप्टेंबर १९९८ मध्ये तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा लूॲनचे केस गेलेले असतात. केसांचीच विद्या शिकणारी ही मुलगी. हँकला प्रोपेनची भीती बसलेली असते. 'लूॲन्स सागा'मध्ये ज्याच्यासाठी ती रडली तो आता खरोखरच गेलेला आहे, आणि या वेळी ती रडण्यापेक्षा संतापते. पुढे मे १९९९ च्या 'विंग्ज ऑफ द डोप' या भागात बकली देवदूत होऊन तिला भेटतो, अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर. वाचताना हास्यास्पद वाटेल, पण पाहताना वाटत नाही. ब्यूटी स्कूल सोडून कम्युनिटी कॉलेजात जायचं हे ती तिथे ठरवते. 'लूॲन्स सागा'मध्ये सगळे तिच्यासाठी निर्णय घेत होते, हा निर्णय तिचा आहे.

१४. 'लीॲन्स सागा' आणि 'लूॲन्स सागा' हा एकच भाग आहे का? यादीत दोन्ही दिसतात.

वेगळे आहेत, नावातलं साम्य मुद्दाम ठेवलेलं आहे. 'लीॲन्स सागा' दुसऱ्या सीझनमध्ये येतो. त्यात लूॲनची आई तुरुंगातून सुटून येते आणि हँकचा एकाकी मित्र बिल तिच्यात गुंततो. पहिला भाग लेकीच्या प्रेमभंगाचा, दुसरा आईच्या दारूचा. लूॲन माणसांना एवढी घट्ट धरून का ठेवते, हे समजायला दुसरा जास्त उपयोगी आहे.

१५. लूॲनचे वडील ऑइल रिगवर आहेत असं सांगितलं जातं, मग नंतर ते तुरुंगात कसे? ही चूक आहे का?

चूक म्हणून सोडून देऊ नका, मालिकेने त्यावर अख्खा भाग केला आहे. बाराव्या सीझनमधल्या 'लाइफ: अ लूझर्स मॅन्युअल' या भागात हॉइट परत येतो. ऑइल रिगची गोष्ट लूॲनला दुखवू नये म्हणून सांगितलेली होती, प्रत्यक्षात तो तुरुंगात होता. हँक या असत्याला कसा धरून राहतो ते पाहा. रडणं सहन न होणारा माणूस भाचीचा बाप तिच्या नजरेतून उतरू नये म्हणून वर्षानुवर्षं एक खोटं सांभाळतो, आणि हँकसाठी खोटं बोलणं ही काही साधी बाब नाही.

१६. हँकला त्याची डेन परत मिळते का?

मिळते. चौथ्या सीझनमधल्या 'मूव्हिन् ऑन अप' या भागात लूॲन इतर तरुण मुलामुलींसोबत वेगळ्या घरात राहायला जाते. त्याला किती आनंद होतो, आणि तो आनंद किती टिकतो, हे त्या भागातच पाहा.

१७. मुलांबरोबर पाहता येईल का?

ॲनिमेशन आहे म्हणून लहान मुलांचं समजू नये. मारझोड किंवा उघडं काही नाही, पण या भागात लूॲनने बूमहावरकडे काढलेली रात्र हाच कळीचा मुद्दा आहे, आणि बिअर तर प्रत्येक भागात असते. तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर आरामात पाहता येईल. त्यांच्या वर्गातही तुटणं-जुळणं चालू असतंच, बोलायला विषय मिळतो.

१८. २०२५ च्या नव्या सीझनमध्ये लूॲन का नाही?

ब्रिटनी मर्फी यांचं २० डिसेंबर २००९ रोजी निधन झालं. त्याआधी १३ सप्टेंबर २००९ ला फॉक्सवरचा शेवटचा भाग लागून गेला होता. राहिलेले चार भाग मे २०१० मध्ये दाखवले गेले. लूॲनचा नवरा लकी याला आवाज देणारे गायक टॉम पेटी २ ऑक्टोबर २०१७ रोजी गेले. ४ ऑगस्ट २०२५ ला हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर आलेल्या दहा भागांच्या चौदाव्या सीझनमध्ये हँक आणि पेगी सौदी अरेबियातून आर्लेनला परततात, बॉबी डॅलसमध्ये स्वयंपाकी झालेला असतो, आणि लूॲन व लकी दिसत नाहीत. दुसऱ्या कुणाचा आवाज लावून तिला आणलं नाही हे मला योग्य वाटतं.

१९. फक्त लूॲनची गोष्ट सलग पाहायची आहे. कोणते भाग, कोणत्या क्रमाने?

पहिला भाग, मग 'लूॲन्स सागा', मग दुसऱ्या सीझनमधले 'मीट द मेंजर बेबीज', ज्यात तिचा कठपुतळ्यांचा खेळ सुरू होतो, आणि 'लीॲन्स सागा'. त्यानंतर 'प्रोपेन बूम', तिसऱ्या सीझनचा पहिला भाग आणि 'विंग्ज ऑफ द डोप' हे तीन लागोपाठ पाहा (प्रश्न १३). चौथ्या सीझनमधून 'मूव्हिन् ऑन अप'. मग मोठी उडी घेऊन २००७ मधला 'लकीज वेडिंग सूट', ज्यात तिचं लग्न होतं, आणि बाराव्या सीझनमधला वडिलांचा भाग (प्रश्न १५). शेवटी तेराव्या सीझनमधला 'लकी सी, मंकी डू', ज्यात तिला मुलगी होते, ग्रेसी. वेळ कमी असेल तर यातून 'मेंजर बेबीज' वगळला तरी चालेल, 'लीॲन्स सागा' मात्र वगळू नका.